शोभेचा पट्टा

फोन आला तेव्हा मी सुहास भाऊजींसाठी पेज गाळत होते. हे त्यांच्यापाशी हॉस्पिटलातच होते. “गेला गं...” एवढंच म्हणाले. त्याला आता दीड महिना होईल, पण वुडलँड्सच्या आमच्या फ्लॅटमधली भाऊजींची खोली आवरायचा धीर मला या आठवड्यात झाला.

भाऊजी माझे धाकटे दीर, मरीन इंजिनियर. लग्न केलं नाही. बोट सिंगापूरला लागली की मुक्काम आमच्याकडे, आणि किनाऱ्यावरची नोकरी घेतल्यावर तर कायमचाच. बोटीवरच्या एका स्कॉटिश चीफ इंजिनियरनं त्यांना बॅगपाइपचा नाद लावला होता, म्हणून ते इथल्या एका हौशी बँडमध्ये शिरले. पहिल्यांदा किल्ट घालून खोलीबाहेर आले तेव्हा मी म्हटलंच, की भाऊजी, माझ्या परकरालासुद्धा एवढ्या चुण्या नव्हत्या हो! ते कशाला चिडताहेत... उलट मलाच शिकवायला बसले. किल्टला बाजूला स्वतःचे बंद असतात, तो त्यावरच राहतो. वरचा रुंद पट्टा नुसता शोभेचा. मिरवणुकीला पट्टा हवाच, पण लग्नकार्यात वेस्टकोट घातला की पट्टा काढायचा, नाहीतर बक्कल वेस्टकोटला पुढे ढकलतं आणि माणूस ध्यान दिसतो. एवढं सगळं ज्ञान, आणि पहिला पट्टा मागवला तो पँटच्या मापानं! पँट बसते पोटाखाली, किल्ट बसतो बेंबीवर, आणि भाऊजींचं सगळं वैभव नेमकं तिथेच. पट्टा चांगला चार बोटं कमी पडला. इंजिनातली केसाएवढी फट मोजणारा माणूस, पण स्वतःचं पोट मोजायला विसरला, म्हणून आम्ही किती दिवस हसत होतो. मग दुसरा मागवला. काळा, साध्या बकलाचा, भोकं नसलेला, आतल्या व्हेल्क्रोवर हवा तेवढा कमीजास्त होणारा.

आजार कळला तेव्हा आमच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं. तिला दारापासून मंचापर्यंत पाइप वाजवत आपणच न्यायचं, हे भाऊजींनी ती इथे पुंगोलच्या शाळेत जात होती तेव्हापासून ठरवलेलं. ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणायची, “काका, डोन्ट प्ले लाह, जस्ट सिट.” ते ऐकणार थोडेच! केमो चालू असतानाही रोज खोलीत बसून नुसती बोटं फिरवायचे. मला वाटायचं, तेवढं एक होऊ दे, मग काय व्हायचं ते होवो.

लग्नाच्या सकाळी त्यांनी मला हाक मारली. बंद शेवटापर्यंत ओढूनही किल्ट घसरत होता. वेस्टकोट त्यांनी स्वतःच काढून पलंगावर ठेवला होता. पट्टा लावायचा म्हणजे वेस्टकोट नाही, तेवढा नियम त्या अवस्थेतही पाळला. मी मागे उभी राहून पट्टा आवळत गेले. व्हेल्क्रो सोडायचा, आत घ्यायचा, पुन्हा लावायचा. आयुष्यभर मापं घेतलेला माणूस समोर भिंतीकडे बघत म्हणाला, “वहिनी, किती आत गेला ते मला सांगू नका.”

डोळ्यांत पाणी आलं होतं, पण मी मागे होते ते बरं झालं. हॉलमध्ये बुद्धवंदना झाली आणि भाऊजी दारापासून मंचापर्यंत वाजवत गेले. सूर मध्ये एकदा तुटला, तेव्हा ते थांबले, श्वास घेतला आणि पुढे वाजवलं. मुलगी त्यांच्या चालीनं चालली. किल्ट जागचा हलला नाही.

खोली आवरताना कपाटात पट्टा मिळाला, त्या सकाळी मी आवळला होता तसाच. बाहेरून ह्यांचा आवाज आला, सुह्याचा पट्टा सापडला का गं, बघू दे जरा. धाकट्या भावाला त्यांनी लहानपणी कडेवर घेऊन फिरवलेलं... मी दार लोटून घेतलं. व्हेल्क्रो ओढून काढला, भाऊजींच्या भरल्या पोटाएवढा पट्टा पुन्हा मोठा केला आणि मगच तो ह्यांच्या हातात दिला.