डावा हात वर न करण्याचे दिवस

लिफ्ट तळमजल्यावर येऊन थांबली होती आणि मी आत खाली बसलेली होते. कशी बसले, कधी बसले, काही आठवत नाही. दार उघडलं ते शेजारच्या बाईंनी. त्यांच्या हातात मासळीची पिशवी होती आणि तिच्यातून पाणी ठिबकत होतं. ते पाणी माझ्या चपलेवर पडत होतं, हे मला अगदी स्पष्ट दिसत होतं. पण पाय बाजूला घ्यावा एवढी ताकद नव्हती.

"काय झाला ताई?" त्या म्हणाल्या. "पडलाव?"

"नाही. बसले जरा," मी म्हणाले.

कामोठ्याच्या या इमारतीत मी आणि त्या समोरासमोर राहत होतो. ओळख म्हणाल तर दार उघडताना मान हलवण्याइतकी. मी मुंबईत बँकेत नोकरी करून निवृत्त झालेली, एकटी. लग्न केलं नाही. आई होती तोवर घरात दोघी होतो, आई गेल्यावर मी उरले. भाऊ नाशिकला, माझ्यापेक्षा मोठा, गुडघ्यांनी बेजार. शेजारच्या बाई उरणकडच्या. वडलांचं मिठागर होतं, सासरची जमीन सरकारी प्रकल्पात गेली आणि त्या पैशातून त्यांनी इथे घर घेतलं, एवढं मला इमारतीतल्या बोलण्यावरून माहीत होतं. मी त्यांना वहिनी म्हणत असे, तेही नाइलाजाने हाक मारायची वेळ आली तरच.

त्याआधी महिनाभर मला चक्कर येत होती. चहा गाळताना डोळ्यांपुढे अंधार यायचा आणि जायचा. दोन जिने चढले की भिंतीला धरून उभं राहावं लागायचं. वय झालं, असं मी स्वतःला सांगत होते. दुसरं कुणी सांगणारं नव्हतं.

वहिनींनी मासळी वॉचमनच्या हवाली केली, रिक्षा बोलावली आणि मला पनवेलच्या एका हॉस्पिटलात नेलं. छातीला तारा लावून ईसीजीची पट्टी काढली, तशी तिथल्या डॉक्टरांनी मला घरी सोडलंच नाही.

"नाडी पस्तीसच्या आसपास आहे तुमची," ते म्हणाले. "चालत आलात कशा?"

त्यांनी एका कागदाच्या मागे हृदय काढलं. चित्र वाईट होतं, बटाट्यासारखं. पण समजावलं चांगलं. हृदयाला वर दोन कप्पे, खाली दोन. ठोक्याची सुरुवात वरच्या उजव्या कप्प्यात होते, तिथे विजेची एक बारीक ठिणगी पडते. ती खाली पोचते तेव्हा खालचे मोठे कप्पे आवळतात आणि रक्त अंगभर जातं. माझ्या हृदयात वरचा कप्पा नेमाने ठोके देत होता. पण मधली वाट बंद झाली होती. खालच्याला काही कळतच नव्हतं. तो आपल्या अंदाजाने, सावकाश, जमेल तसा चालला होता.

"दोघं चालू आहेत," डॉक्टर म्हणाले, "पण एकमेकांशी संबंध नाही. पेसमेकर बसवावा लागेल. उद्याच."

"दुसरा काही उपाय?"

"गोळीने ही वाट उघडत नाही."

मग त्यांनी बटाट्यात दोन तारा काढल्या. एक वरच्या उजव्या कप्प्यात, दुसरी खालच्या उजव्या कप्प्यात. मशीन आगपेटीपेक्षा लहान, चपटं, गळ्याच्या डाव्या हाडाखाली कातडीच्या आत. वरची तार आधी ऐकते. वरचा ठोका पडला की मशीन निमिषभर थांबतं. तेवढ्यात खालचा ठोका आपणहून पडला तर ते गप्प बसतं. नाही पडला तर खालच्या तारेतून अगदी हलका विजेचा धक्का देतं. वरचाच ठोका यायला फार वेळ लागला तर वरही देतं.

"आणि जिना चढताना?" मी विचारलं. मला तेच आठवत होतं.

"तुमचा वरचा कप्पा आपोआप वेगाने चालायला लागेल. तो चांगला आहे. मशीन ते ऐकून खालच्यालाही तेवढंच पळवेल. अर्थात एका मर्यादेपर्यंत."

"मला कळेल ते?"

"काही कळणार नाही."

नर्सने विचारलं, "पेशंटबरोबर कोण आहे?" मी भावाला फोन लावायला पर्स शोधू लागले. वहिनी खुर्चीवरून उठल्या.

"मी हाय," त्या म्हणाल्या.

भावाशी मी बोलले. तो रडवेला झाला, येतो म्हणाला. येऊ नकोस, मीच म्हणाले. आला असता तर त्यालाच सांभाळावं लागलं असतं.

ऑपरेशनच्या वेळी मी जागी होते. भूल तेवढ्या जागेपुरती होती. चेहऱ्यावर हिरवं कापड, कापडाखाली माझाच श्वास गरम होऊन परत येत होता. छातीपाशी कुणीतरी अंगठ्याने जोरात दाबतंय असं वाटत होतं. दुखत नव्हतं, पण तो दाब माझ्या शरीरावर आहे याची खात्री होती. पळस्पे फाट्यावर ट्रॅफिकमध्ये आज कसा तासभर अडकलो, हे एक डॉक्टर दुसऱ्याला सांगत होते. मध्येच मला म्हणाले, "मोठा श्वास घ्या. आता खोका. परत खोका." तारा आपल्या जागी नीट बसल्या आहेत का ते बघत होते. मी मन लावून खोकले. मग कुणीतरी आकडे वाचले आणि डोक्यातली महिनाभराची धुंदी उतरली. खरंच उतरली. हिरव्या कापडाच्या विणीतला धागा न् धागा दिसायला लागला.

घरी सोडताना सूचना दिल्या. जखम ओली करायची नाही. मोबाइल उजव्या कानाला लावायचा. आणि महत्त्वाचं म्हणजे सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, कारण आत तारा अजून रुजायच्या असतात. हात ताणला तर जागेवरून सरकू शकतात.

हात वर न्यायचा नाही म्हणजे काय, ते घरी आल्यावर कळलं. वरच्या फळीवरचा डबा निघेना. दोरीवर कपडे पडेनात. यातलं सगळं मी कसंबसं निभावलं. केसांचं मात्र जमेना. माझे केस लांब आहेत, पांढरे झाले तरी दाट. शाळेपासून एकच वेणी. एका हाताने विंचरता येतं, पण वेणी घालता येत नाही. मी रबर दातात धरून, मान वाकडी करून, दाराच्या मुठीला केस अडकवून, सगळे प्रकार करून पाहिले. तीन-चार दिवसांत मानेमागे गुंत्याचा गोळा झाला. आरशात मी आजारी दिसत होते, म्हणजे होते त्याहून जास्त.

वहिनी तांदळाची भाकरी घेऊन आल्या, तेव्हा मी दार अर्धंच उघडलं. त्यांनी ताट माझ्या हातात दिलं नाही. तशाच आत आल्या.

"कंगवा कुठं हाय?"

"राहू दे हो वहिनी. मी करीन."

"काय करनार तुमी? बसा खाली."

मी जमिनीवर बसले, त्या पलंगावर. त्यांनी आधी बोटांनीच गुंता सोडवायला घेतला, टोकाकडून वर. बराच वेळ लागला. एकदाही ओढलं नाही. बोलत होत्या मात्र अखंड: लहानपणी मिठागरावर उन्हात काम करून तळहाताची सालं कशी निघायची, आणि घरी आल्यावर त्याच हातांनी आई डोक्याला तेल लावायची तेव्हा कसं खरखरायचं. "आता माझेपन तसेच हायेत," म्हणाल्या. तसेच होते. कानामागून ते हात जायचे तेव्हा जाणवायचं.

माझ्या आईच्या शेवटच्या दिवसांत मी तिचे केस विंचरत असे. त्यानंतर माझ्या डोक्याला कुणाचा हात लागला नव्हता. हे मला तोपर्यंत कधी सुचलंही नव्हतं. डोळे भरून आले, पण पाठ त्यांच्याकडे होती. नाक मात्र ओढावं लागलं.

"दुखतंय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग बसा गप."

त्या रोज येऊ लागल्या. सकाळची कामं उरकली की यायच्या, दार न वाजवता. मी चहा ठेवून बसलेली असे. कधी बोलणं व्हायचं, कधी त्या माझ्या टीव्हीवरची मालिका बघत वेणी घालायच्या आणि जाहिरात लागेपर्यंत शेवटचा पेड तसाच हातात धरून ठेवायच्या. मला त्याची घाई नव्हती.

सहा आठवडे झाल्यावर तपासणीला गेलो. त्या बाहेर बाकावर थांबल्या. आत एका तरुण मुलीने माझ्या खांद्याजवळ माउससारखं काहीतरी ठेवलं आणि समोरच्या पडद्यावर माझे ठोके उमटायला लागले. ती म्हणाली, "आता थोडा वेळ मशीन मागे घेते. तुमचं स्वतःचं काय चाललंय ते बघायचंय. गरगरलं तर लगेच सांगा."

तिने काहीतरी दाबलं. आणि पोटातून काहीतरी निसटावं तसं झालं. खोली लांब गेली, तिचा आवाज लांब गेला. मी "हो" म्हणाले का नाही माहीत नाही. पुन्हा सगळं जवळ आलं.

"झालं झालं," ती म्हणाली. "वरचे जवळजवळ सगळे ठोके तुमचेच आहेत, मावशी. खालचे जवळजवळ सगळे मशीनचे."

मग पडद्यावर दुसरं काही उघडून तिने भुवया उंचावल्या. "तुम्ही फार चालत नाही का? दिवसभरात किती हालचाल होते तेही यात येतं. फारच कमी दिसतेय."

मला लाज वाटली. मी दिवसचे दिवस खुर्चीत बसून असते हे आतल्या मशीनलासुद्धा कळलं होतं.

"घरी कोण असतं?" तिने सहज विचारलं.

"मीच," मी म्हणाले.

बाहेर आल्यावर वहिनींनी विचारलं, "काय बोलली?"

"वरचं माझं आणि खालचं मशीनचं."

त्या हसत सुटल्या. "चालतंय ना? मग झाला तर!"

हात वर करायची परवानगी मिळाली होती, पण हात वर जाईना. इतके दिवस न हलवल्याने खांदा आखडला होता. भिंतीवर बोटं चढवण्याचा व्यायाम दिला. वहिनी शेजारी उभ्या राहून कालच्यापेक्षा वर गेलं का ते बघायच्या, आणि मग बसवून वेणी घालायच्या. पुढे हात मोकळा झाला. एक दिवस त्या यायच्या आधी मी सवयीने कंगवा हातात घेतला आणि बघते तर वेणी घालून झालेली. त्या आल्या, पाहिलं, म्हणाल्या, "बेस झाला." आम्ही चहा घेतला. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं येणं दोन-तीन दिवसांआड झालं. यात कुणाचंच काही चुकलं नव्हतं.

दिवाळीनंतर त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि वहिनी बिऱ्हाडासकट गावाला गेल्या, उरणच्या मोरा बंदराजवळ. फ्लॅट भाड्याने दिला. टेम्पो भरून झाल्यावर मला म्हणाल्या, "या एकदा. एसटीनं तासाभराचा रस्ता." समोरच्या घरात आता दोन नोकरदार मुलं आहेत. सकाळी जातात, रात्री येतात.

मी गेले एकदा. गाव दाखवायला त्यांनी मला धक्क्यापर्यंत नेलं. मुंबईची लाँच सुटत होती, तिच्याकडे त्यांनी बघितलंही नाही, सासूबाईंना औषध द्यायचंय म्हणून लगेच वळल्या. घरात माणसंच माणसं. सुना, नातवंडं, आतल्या खोलीतून सासूबाईंच्या हाका. मला पाट मांडून कोलंबीचं कालवण वाढलं, आग्रह केला. पण दोन वाक्यं सलग बोलणं झालं नाही. सगळ्यांना सांगत होत्या, "या आमच्या ताई. यांच्या छातीत मशीन हाय." नातवंडं माझ्या खांद्याकडे बघत राहिली.

निघताना त्या फाट्यापर्यंत आल्या. एसटी येईपर्यंत उभ्या होत्या.

"पोचल्यावर फोन करा," म्हणाल्या.

घरी येऊन दिवा लावला, पाणी प्यायले, फोन केला. बराच वेळ रिंग वाजली. कुणी उचलला नाही. मी कुकर लावला. थोड्या वेळाने त्यांचाच आला.

"पोचलाव?"

"पोचले."

"बरं," त्या म्हणाल्या. मागून कुणीतरी त्यांना हाक मारत होतं. "बरं, ठेवते हां ताई."

"ठेवा," मी म्हणाले. कुकरची दुसरी शिट्टी झाली होती. गॅस बंद करून मी वाफ जिरायची वाट बघत ओट्यापाशी उभी राहिले.