विहीणबाईंचं आडनाव

आडनाव विचारायची मला जुनी खोड आहे. अमेरिकेत नेपरव्हिलला राहून पस्तीस वर्षं झाली, तरी मराठी माणूस भेटला की आधी आडनाव, मग मूळ गाव विचारतो. तिसऱ्या प्रश्नापर्यंत त्याची जात माझ्या ध्यानात आलेली असते. म्हणूनच बायकोने सकाळी बजावलं होतं की आज चौकशा नकोत. मुलगी होणाऱ्या नवऱ्याला आणि त्याच्या आईला घेऊन जेवायला येणार होती. एरवी ती फक्त दिवाळीला यायची, तीही पाहुण्यासारखी. आम्हाला ती पूर्वीसारखी परत हवी होती.

मुलगा शिकागोचा, घराणं मूळचं पोलंडचं. आडनावाच्या शेवटी स्की. हे शेपूट पूर्वी जमीनदारांच्या आडनावांना असायचं, असं मी आदल्या दिवशीच इंटरनेटवर वाचून ठेवलं होतं. खरं सांगतो, बरं वाटलं. मी पोलंडमध्येसुद्धा जात शोधत होतो.

जेवण छान चाललं होतं. विहीणबाई निवृत्त शिक्षिका, मोकळ्या स्वभावाच्या. त्यांनी दुसरी पुरणपोळी मागून घेतली तेव्हा मला राहवेना. आडनावाचा अर्थ विचारलाच. बायकोने टेबलाखाली माझा पाय दाबला, पण उशीर झाला होता. विहीणबाई हसल्या. लोकांना आम्ही जमीनदार वाटतो, म्हणाल्या, पण तसलं काही नाही. आमच्या आडनावातलं कोवाल म्हणजे लोहार. नवऱ्याचे पूर्वज गावातल्या घोड्यांना नाल ठोकायचे, नांगर दुरुस्त करून द्यायचे, त्यावरून हे आडनाव पडलं.

मी म्हणालो, कष्टाचं आडनाव आहे, अभिमान वाटावा असं. मला खरंच तसं वाटलं होतं.

मुलगी उठून किचनमध्ये गेली. भात आणायच्या निमित्ताने मीही मागोमाग गेलो. ती ओट्याला टेकून उभी होती. मला वाटलं, आनंदाने भरून आलंय. एरवी माझ्याशी इंग्रजीत बोलणारी ती मराठीत म्हणाली, "बाबा, सात वर्षांपूर्वी मी ज्याला घरी आणलं होतं, त्याचे वडील काय करायचे, आठवतं?"

आठवत होतं. साताऱ्याकडचा, पीएचडी करणारा, हुशार आणि नम्र पोरगा. त्याचे वडील गावात लोहारकाम करायचे. एवढं कळल्यावर मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं होतं आणि मुलीला सांगितलं होतं, आपल्यात हे जमणार नाही.

"काकांना माझं काय आवडलं नाही, असं तो मला विचारत होता," ती म्हणाली. "मी सांगितलंच नाही. मला तुमची लाज वाटली."

ती भाताचं पातेलं घेऊन बाहेर गेली. मी तिथेच उभा राहिलो. लाज मलाही वाटत होती, आणि ज्याच्यापाशी ती कबूल करायची तो पोरगा आता कुठे असतो, हेही मला ठाऊक नव्हतं.