नाताळबाबाच्या पोतडीवरचे दात

केकवर खोचायचे प्लास्टिकचे नाताळबाबा माझ्याकडे पत्र्याचा डबा भरून आहेत. सून म्हणते, "आई, एक ठेवा, बाकीचे टाकून द्या. सगळे सारखेच तर आहेत." सारखे नाहीत. पण ते सांगत बसायला माझ्यात दम नाही आणि ऐकायला तिला वेळ नाही.

आमची पहिली मुलगी तान्हेपणीच तापात गेली. तिचा फोटो नाही. काढू काढू म्हणता राहून गेला. मिशनच्या दवाखान्यातल्या गोऱ्या नर्सबाईंनी एका नाताळाला केक दिला होता, त्यावर लाल नाताळबाबा होता. मऊ प्लास्टिकचा. दात येत होते तेव्हा मुलगी तो दिवसभर चावायची. त्याच्या पाठीवरच्या पोतडीत तिच्या दातांचे खड्डे पडले होते.

ती गेल्यावर आम्ही नगरकडून पिंपरीला आलो. आमचे हे प्लास्टिकच्या वर्कशॉपमध्ये मशीनवर लागले. मालकाला नाताळाचा माल काढायचा होता, नमुना हवा होता. यांनी मला न विचारता आमचा बाबा नेऊन दिला. साचा तयार झाला आणि नमुना हरवला. मी यांच्याशी बोलणं टाकलं. मग डिसेंबरात बाजारात गेले तर दुकानात टोपलीभर नाताळबाबा. एक उचलला, पोतडीवर खड्डे. दुसरा उचलला, त्यावरही तेच. साच्याने माझ्या मुलीचे दात जसेच्या तसे घेतले होते. पिंपरीतल्या कितीतरी केकांवर ते गेले असतील, कोणाला पत्ता नाही.

तेव्हापासून मी गोळा करते. ते वर्कशॉप लवकरच बंद पडलं. दुसऱ्याने त्या बाबावरून साचा काढला, तिसऱ्याने दुसऱ्याच्या मालावरून. प्लास्टिक थंड होताना आकसतं, म्हणून नकलेची नक्कल दर वेळी जराशी लहान निघते आणि खड्डे उथळ होतात. पुढे कोणीतरी ते खोट समजून बुजवले. आता मिळतात ते गुळगुळीत. माझ्याकडचे पहिल्या मालातले काही हरवले, काही पोरांनी मोडले. खड्डे स्पष्ट असलेला एकच उरला होता.

गेल्या नाताळाची गोष्ट. आम्ही आता कुरुळीला राहतो, पण केक पिंपरीच्या जुन्या बेकरीतच भाजून घेतो. घरी पीठ कालवायचं, आपल्या डब्यात घालायचं आणि भट्टीवर द्यायचं. तिथे सगळे डबे सारखेच दिसतात, म्हणून जो तो आपल्या डब्याला खूण करतो. मुलाने सकाळी शिफ्टला जाताना डबा पोचवला. दुपारी मी माझा पत्र्याचा डबा उघडला, तर सगळ्यात वर ठेवलेला तो खड्ड्यांचा बाबा नव्हता.

"वरचा बाबा कुठंय?"

"केकात खोचला, खुणेला," सून म्हणाली. "चिठ्ठी तेलाने भिजते, नाव वाचता येत नाही. ढीगभर आहेत की तुमच्याकडे."

"कच्च्या केकात? भट्टीत जाणाऱ्या?"

तिचं तोंड उतरलं. मी चपला घातल्या.

हायवेला ट्रकची रांग लागली होती. रिक्षावाल्याला म्हटलं, मधून काढ. तो म्हणाला, "आजी, उडवू का रिक्षा?" आता भट्टीत गेला असेल, आता वितळला असेल, एवढंच डोक्यात चाललं होतं.

बेकरीवाले चाचा म्हणाले, "मावशी, प्लास्टिक भट्टीत घालतात का कुणी? काढून ठेवलं सगळं. हा घ्या तुमचा बाबा."

मी पोतडीवरून अंगठा फिरवला. गुळगुळीत.

"हा माझा नाही."

"दोनच तर होते. दुसरा चर्चमागच्या बाई घेऊन गेल्या. बाबा तो बाबा, काय फरक पडतो?"

"घर दाखवा."

"केक तर घ्या."

"राहू द्या इथंच."

त्यांनी गल्ली सांगितली. मी दारात उभी राहिले तेव्हा घरात करंज्या तळणं चाललं होतं. बाई हात पुसत बाहेर आली. मी तिचा गुळगुळीत बाबा पुढे केला आणि म्हटलं, "बेकरीत अदलाबदल झाली. माझा द्या."

ती हसली. "एवढ्यासाठी आलात, आजी? तो तर आमच्या बाळीने पळवला. दात येताहेत ना, आणल्यापासून सोडत नाही."

मुलगी चटईवर बसली होती. बाबा तोंडात, हनुवटीवर लाळ. मी खाली बसले आणि तिच्या तोंडातून तो काढून घेतला. तिने भोकाड पसरलं. पदराने पुसून मी पोतडीवरून अंगठा फिरवला. खड्डे होते. पुष्कळ होते. उजेडाकडे धरून पाहिलं, डोळे बारीक करून पाहिलं, पुन्हा अंगठा फिरवला. जुने कुठले आणि आजचे कुठले, कळेना.

"द्या हो तिला," बाई म्हणाली. "रडून रडून काळीनिळी होईल."

मी दिला नाही. तिचा गुळगुळीत बाबा चटईवर ठेवला आणि उठले. गल्लीच्या टोकापर्यंत तिचं रडणं ऐकू येत होतं, आणि माझा अंगठा पोतडीवरून फिरतच होता.