ग्रुपवर न बोलणारी लता

लता गेल्याचा निरोप घेऊन तिचा दीर राजूरहून मोटारसायकलवर थेट आमच्या डेअरीच्या गेटवर आला. मी नगर जिल्ह्यातल्या अकोले इथल्या या डेअरीत गाड्यांची नोंद ठेवते, लता शेजारच्या लॅबमध्ये दुधाचं फॅट तपासायची. फोन का नाही केला, असं मी विचारलं. तो म्हणाला, "वहिनीनंच सांगितलं हुतं. माझं काही झालं तर ग्रुपवर टाकू नका, मानूस पाठवा."

आजारपणात तिला हे सुचावं, यामागे एक गोष्ट आहे...

पूर्वी आमच्याकडे कामाचे निरोप इंटरकॉमवर किंवा फळ्यावर असत. मग सगळ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला. डेअरीचे मॅनेजर साहेब त्यात नव्हते, म्हणून माणसं मोकळी बोलायची. रजा, जादा पाळी, टँकरची वेळ, आणि हळूहळू साहेबांविषयीही. एकदा मशीनवरच्या सोमनाथने जादा पाळीवरून चार कडक वाक्यं लिहिली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी तीच वाक्यं, शब्दाला शब्द, त्याला केबिनमध्ये ऐकवली. आठवडाभरात त्याची बदली केडगावच्या डेपोत झाली. घरी म्हातारी आई एकटी.

कुणीतरी सांगितलं, एवढं नक्की होतं. मग प्रत्येकाने प्रत्येकाकडे बघायला सुरुवात केली. संशय लवकरच लतावर येऊन थांबला. ती ग्रुपवर सगळं वाचायची, पण लिहायची कधीच नाही. शिवाय तिची लॅब साहेबांच्या केबिनला लागून, मध्ये एकच भिंत. ती चहाला आली की बोलणं थांबायचं, मोबाईल पालथे व्हायचे. तिला वगळून दुसरा ग्रुप निघाला, तोही तिला कळला. सोमनाथ जाताना तिला तोंडावर चुगलखोर म्हणून गेला. त्यानंतर लता डबासुद्धा एकटीच खायची. मी विचारलं तर म्हणाली, "मला पन आता सगळ्यांचा संशय येतो. तुझा सुद्धा." ते मला लागलं, पण तिचं काय चुकलं होतं?

नवा ग्रुप निघूनही जुन्यावर थोडंफार बोलणं चालूच होतं, आणि ते साहेबांपर्यंत जातच होतं. एका दुपारी बाहेर पाऊस होता, म्हणून सगळे लॅबमध्येच चहाला आले होते. लताने जुना ग्रुप उघडला आणि त्यातली नावं एकेक करून मोठ्याने वाचायला लागली. ज्याचं नाव येई त्याच्याकडे बघायची. एका नावापाशी ती अडली. ते निवृत्त होताना कंपनीचा मोबाईल ऑफिसात जमा करून गेलेल्या एका जुन्या ड्रायव्हरचं होतं. तिने तो नंबर लावला आणि फोन टेबलावर ठेवला.

भिंतीपलीकडे, साहेबांच्या केबिनमध्ये रिंग वाजली.

साहेब बाहेर आले. तो मोबाईल टँकरच्या कामासाठी आपल्याकडे असतो, ग्रुपचं आपल्याला माहीत नव्हतं, असं ते म्हणाले. ते खरं की खोटं, आजही आमचं एकमत नाही. ते आत गेल्यावर लता शांतपणे म्हणाली, "ते खोटं बोलत असतील नाहीतर खरं. पन तुमी मला एकदा विचारलं असतं तर?"

तिने त्याच दिवशी ग्रुप सोडला. नंतर दुधाचा साधा नमुना नापास झाला तरी ॲप्रन घालून आवारभर चालत येई आणि ज्याचं त्याला सांगून जाई. काही महिन्यांनी बदली रद्द होऊन सोमनाथ परत आला. माफी मागायला लॅबमध्ये गेला, तर लताने आधी त्याच्या आईची तब्येत विचारली. तो विषय तिने कधीच काढला नाही. पण पूर्वीसारखी मोकळी ती कुणाशीच झाली नाही, माझ्याशीही नाही.

तेव्हापासून तिने लॅबचं दार कधी लावलं नाही. अकोल्याच्या थंडीत हात गारठायचे, तरी दाराला वीट लावलेली असायची. आपण आत काय बोलतो ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू यावं, एवढंच तिचं म्हणणं. लता गेल्यानंतर परवा आम्ही तिथे चहा पीत होतो. वाऱ्याने वीट सरकून दार लागलं, आणि साहेबांविषयी काहीतरी सांगताना सोमनाथने सवयीने आवाज खाली आणला. मग तो मध्येच थांबला, उठला, दार उघडून वीट पुन्हा पायाने सरकवली, आणि राहिलेलं वाक्य मोठ्याने पूर्ण केलं.