प्रधानचा बेंच आणि पाळण्याची घाई

किस्से लाकडाच्या भुशासारखे असतात. कितीही झाडा, चार दिवसांनी सोफ्याखालून मूठभर निघतोच! आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये एका माणसाला फक्त एक रेडिमेड सुतारी बेंच, म्हणजे सुतारकामाचं जाडजूड टेबल, विकत घ्यायचा होता. बेंच आला एक, किस्से आले टेम्पोभर. आणि टेम्पोतलं मला कळतं, जन्मभर तोच चालवला. शाळा आठवीत सुटली. सुटली म्हणून डोकं शाबूत राहिलं असं माझं मत आहे. पुढचं वाचलंत की तुमचंही होईल.

आमचं त्रिकूट म्हणजे मी, टेलिफोन खात्यातून रिटायर झालेला कांबळे आणि इन्शुरन्सच्या ऑफिसात आयुष्यभर सह्या ठोकलेला प्रधान. संध्याकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या टाकायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याची टर उडवायची, हा आमचा उद्योग. त्या वर्षी लांब बघावं लागलं नाही.

*

प्रधानची मुलगी मानसी बाळंतपणाला माहेरी आली. पहिलं नातवंड! प्रधानने जाहीर केलं, "बारशाला बाळ झोपणार ते माझ्या हाताने केलेल्या पाळण्यात!"

या माणसाने तोवर भिंतीत खिळा मारला नव्हता. कॅलेंडर टांगायचं असलं तरी "नाना, जरा वर ये रे" अशी मला हाक. पण रिटायर झाल्यापासून मोबाइलवर गोऱ्या लोकांचे सुतारकामाचे व्हिडिओ बघून बघून टाळक्यात भुसा भरला होता.

वहिनी आडव्या आल्या. "अहो, बाळ यायच्या आधी घरात पाळणा करतात का कुणी? बाळ सुखरूप होऊ दे, मग काय ती ठोकाठोकी करा."

म्हणजे जन्म ते बारसं, एवढाच वेळ! प्रधानला उलट आनंदच झाला. "पाळणा नंतर. पण बेंच आधी घ्यायला कुठे बंदी आहे? बेंच परफेक्ट असला की पाळणा आपोआप होतो."

कांबळे म्हणाला, "आमच्या गावचा सुतार जमिनीवर बसून, पायात लाकूड धरून अख्खा दरवाजा करायचा रे."

"अनसायंटिफिक!" प्रधान म्हणाला.

*

व्हिडिओतल्या गोऱ्याने सांगितलं होतं की बेंचची उंची चुकली तर कंबर जाते. म्हणून प्रधान टेप घेऊन घरातलं सगळं मोजत सुटला. टेबल मोजलं, बेसिन मोजलं, शेवटी स्वयंपाकघरात शिरला. वहिनी ओट्याशी पोळ्या लाटत होत्या.

"जरा बाजूला हो. ह्या उंचीवर काम करताना कंबर दुखते का, ते बघायचंय."

वहिनींनी लाटणं खाली ठेवलं. "लग्न होऊन आल्यापासून याच ओट्यावर लाटतेय. तेव्हा नाही विचारलंत ते!"

त्या दिवशी प्रधानसाहेब आमच्याबरोबर वडापाव जेवले.

*

मग दुकानं. मरोळला एक मोठं दुकान आहे, तिथे पाच-सहा तऱ्हेचे बेंच मांडलेले. कांबळे गेला तो थेट एकावर जाऊन बसला. सेल्समन धावत आला, "अंकल, ये बैठने के लिए नहीं है!"

"मी बसलो तर मोडेल त्याच्यावर काय डोंबल पाळणा होणार?" कांबळे मांडी घालून म्हणाला. त्या पोराला मराठी कळलं नाही, मांडी कळली.

तिकडे प्रधान एका इंपोर्टेड बेंचपाशी उभा राहून दुसऱ्याच गिऱ्हाइकाला लेक्चर देत होता. त्या बेंचला लाकूड आवळून धरायचा शिकंजा होता. मला राहवेना! प्रधानच्या झब्ब्याचं टोक हळूच शिकंज्यात सरकवलं आणि दांडा फिरवून आवळलं.

लेक्चर संपवून साहेब रुबाबात पुढे निघाले. मला वाटलं, झब्बा फाटणार. कसला फाटतोय! बेंचच करकरत मागोमाग निघाला!

प्रधानने वळून पाहिलं. मला शिव्या घालील म्हटलं, तर चेहरा गंभीर करून सेल्समनला म्हणतो, "वजन नाही ह्याला. रिजेक्ट!"

*

त्यानंतर डोक्यात घुसली ओल. "मुंबईची हवा दमट. फळी फुगली की खेळ खलास!" कुठल्याही दुकानात गेला की पहिला प्रश्न, "फुगेगा क्या?" दुकानदार म्हणणार, "नहीं फुगेगा." हा म्हणणार, "गॅरंटी?"

घाटकोपरच्या एका दुकानात तर कमाल केली. पिशवीतून पाण्याची बाटली काढून नव्याकोऱ्या बेंचवर ओतायला निघाला! मालकाने वरच्या वर हात धरला. "काका, नहाने का पाट हम नहीं बेचते."

आम्ही रस्त्यावर. कांबळे म्हणाला, "चहात बुडवून बघायला तुकडा तरी मागायचा होतास."

दुसऱ्या दिवशी प्रधान खरंच तुकडा मागायला गेला. हा कांबळेचा दोष नाही. काही माणसांसमोर जोक करणंच धोक्याचं असतं.

*

मानसीचे दिवस भरत आले आणि वहिनींनी दम भरला, "आता बेंच तरी आणा, नाहीतर तो नाद तरी सोडा." मग एकदाचा अंधेरीहून आला. जाडजूड, जडशीळ, गुळगुळीत. चार हमाल घामाघूम. वॉचमनने विचारलं, "अंदर कौन है?"

बेंच गॅलरीत ठेवायचा ठरलेला. हॉलमधून गॅलरीच्या दारापाशी नेला आणि अडकला. उभा केला, अडकला. तिरका केला, जास्त अडकला. बेसिन मोजलं, ओटा मोजला, बायकोच्या कंबरेचा विषय काढला. गॅलरीचं दार मोजायचं राहिलं!

बेंच हॉलमध्ये, टीव्हीसमोर. वहिनींची सिरियल त्या दिवसापासून वरच्या अर्ध्या पडद्यावर. पात्रांचे चेहरे दिसायचे, साड्या दिसायच्या नाहीत. वहिनींचं दुःख तुम्हाला कळणार नाही.

*

मुलगी झाली! पेढे झाले. सागवानाच्या फळ्या आल्या. आता बघा म्हटलं, साहेबांचं सायंटिफिक काम.

मी आणि कांबळे वर गेलो. बेंच जागेवर, प्लॅस्टिकच्या कव्हरासकट. त्यावर चादर. मी चहाचा कप टेकवला तर प्रधान किंचाळला, "डाग पडेल!"

आणि हा स्वतः कुठे? खाली फरशीवर! फतकल मारून बसलेला, पायाच्या अंगठ्यात फळी धरून करवत ओढतोय.

"अरे, मग बेंच कशाला घेतलास?" मी विचारलं.

"वेडा आहेस का? बेंचवर करवत चालवली तर चरा नाही पडणार?"

कांबळेने वाकून त्याचा अंगठा निरखला. "सायंटिफिक चाललंय ना?"

*

बारशाचा दिवस उजाडला तेव्हा पाळण्याची एक बाजू तयार होती. तीही टेकू दिल्याशिवाय उभी राहत नव्हती. प्रधान ती हातात धरून कोपऱ्यात उभा. आता मात्र मला टर उडवायचा धीर होईना. माणसाचं तोंड बघवत नव्हतं.

बायका जमल्या, मानसीच्या सासरचे आले. विहीणबाई इकडे तिकडे बघून म्हणाल्या, "पाळणा आतल्या खोलीत आहे का?"

वहिनींनी पदर खोचला, बेंचपाशी गेल्या आणि चादर ओढली. मग प्लॅस्टिकचं कव्हर टराटरा फाडलं. प्रधान "अगं, अगं" करतोय तोवर आपली मऊ जुनी साडी बेंचच्या फळीखालच्या आडव्या दांड्यांना बांधून झोळी केली. कांबळेने हाताने जोर देऊन गाठी तपासल्या. पोर झोळीत. बायका भोवती बसल्या, आत्याने कानात नाव सांगितलं, कुर्र झालं. बेंच जरासुद्धा हलला नाही. वजन होतं ना!

मग पोर रडायला लागली. मानसीने तिला उचलून बेंचवर ठेवलं, लंगोट बदलायला सोडला आणि तेवढ्यात शू! सरळ उघड्या फळीवर. हे एवढं थारोळं!

मानसी फडकं घेऊन धावली.

"थांब, पुसू नकोस!" प्रधान ओरडला.

हातातली पाळण्याची बाजू त्याने विहीणबाईंच्या हातात दिली. खिशातून चष्मा काढून लावला. बेंचवर ओणवा झाला, अगदी नाक टेकेपर्यंत. नात त्याच्या टकलावर लाथा मारतेय, याचं लक्ष फळीवर. पाच मिनिटं तो तसाच.

मग मान वर केली. डोळ्यात पाणी.

"नाना," तो म्हणाला, "फुगली नाही रे!"