बर्थाने रिपोर्ट मानला नाही

माझी बायको बर्था एका कागदाशी भांडली. मला लिहायची सवय नाही, पण त्या भांडणात मी कागदाच्या बाजूने होतो, म्हणून लिहितो.

१९९७चा मे महिना. आमच्या वसईच्या वाडीत केळीची पानं करपत होती आणि बर्था स्वेटर घालून ओट्यावर बसायची. आवाज जड, चेहरा सुजलेला. माझी आई थेरेसा म्हणायची, "काम निघालं की हिला थंडी वाजते!"

डॉक्टरांनी थायरॉईडसाठी रक्त तपासलं. टीएसएच नॉर्मल आलं. दवाखान्याचं दार उघडंच होतं. बाहेर बाकावर बायका बसलेल्या.

डॉक्टर मोठ्याने म्हणाले, "वहिनी, शरीरात काही नाही. मनाच्या डॉक्टरला दाखवा."

"जाऊन तर ये," मी म्हणालो.

"तूही? आपली जोआना जन्मल्यापासून मी अशी आहे. आठ वर्षं सांगते. कागद नॉर्मल असेल, मी नाही!"

मनाच्या डॉक्टरसाठी दिलेली चिठ्ठी तिने फाडली. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात निघाली. मी मागोमाग. जिन्यात ती तीनदा बसली, पण माझा हात धरला नाही.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बाळंतपणात रक्त फार गेलं होतं?"

"गादीखाली टपकत होतं."

"दूध आलं?"

"थेंबही नाही. पाळीसुद्धा परत आली नाही."

बाईंनी पुन्हा रक्त तपासलं आणि समजावलं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी असते. मेंदूचा निरोप आला की ती टीएसएच सोडते, मग गळ्यातली थायरॉईड चालते. थायरॉईड बिघडली तर टीएसएच चढतं. बर्थाची थायरॉईड धड होती. रक्तस्रावात पिट्युटरीच सुकली होती. म्हणून थायरॉईडमधून येणारं टी-फोर तळाला गेलं तरी टीएसएच चढलं नाही.

आधी स्टेरॉईड, कारण पिट्युटरीअभावी शरीरातलं तेही आटलं होतं, मग थायरॉईडची गोळी, असा क्रम त्यांनी बजावून सांगितला. दोन्ही जन्मभर.

तीन महिन्यांनी बर्था पुन्हा आमच्या डॉक्टरांच्या दारात उभी राहिली, बिनस्वेटरची.

"थकलेली बाई आली की आधी तिचं बाळंतपण विचारा, डॉक्टर. कागद नंतर बघा."

"आत या ना, बोलू."

"नको. मला वेडी ठरवलं ते याच बाकावर बसलेल्या बायकांनी ऐकलं होतं. इथेच बोला."

डॉक्टर उठून बाहेर आले. "माझी चूक झाली," सगळ्यांसमोर म्हणाले.

बर्थाने मान डोलावली आणि माझ्याकडे वळून पाहिलं. चूक मानणारा पुढचा माणूस मी होतो; ती वाट पाहत होती.