निकालाआधीचे पेढे

चहा घ्या आधी. पेढा नको म्हणताय? राहू दे. मी आता कुणाला पेढ्याचा आग्रह करत नाही. एके काळी फार करायचे. त्याच आग्रहापायी मी सिंगापूरच्या एका युनिव्हर्सिटीचं प्रवेशाचं ऑफिस निम्मं बंद पाडलंय. अतिशयोक्ती वाटते ना? मिलिंदला विचारा. नको, त्याला नकाच विचारू. तो अजून हसतो आणि मला अजून वाईट वाटतं.

आम्ही राहतो चोआ चू कांगला, आठव्या मजल्यावर. मिलिंद, म्हणजे माझा नवरा, आंग मो किओच्या एका कंपनीत इंजिनियर. आणि मी? पुण्यात बारा वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी केली, आणि इथे आल्यापासून नऊ वर्षं माझ्या इथल्या रहिवासी कार्डावर एकच शब्द छापलेला आहे, 'डिपेंडंट'. मधे नोव्हेना भागातल्या एका दवाखान्यात रिसेप्शनची नोकरी मिळता मिळता राहिली. म्हातारे पेशंट चिनी बोलतात, मला येत नाही. त्या दिवशी घरी येताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोतच ठरवलं, चिनी शिकायचं. तेही क्लासबिस लावून नाही. युनिव्हर्सिटीत, रीतसर डिप्लोमा. सेहेचाळिसाव्या वर्षी का होईना, 'स्टुडंट' लिहिलेलं, माझ्या एकटीच्या जोरावर मिळालेलं कार्ड गळ्यात घालायचं. हसू नका. मला ते फार हवं होतं.

तसं थोडं चिनी मला येत होतं. एक ते आठ आकडे. आठच का? सांगते. आमच्या लिफ्टमध्ये गोह आंटी भेटायच्या. साठीच्या आसपास वय, एकट्या राहायच्या, अकराव्या मजल्यावर. सेहेचाळीस वर्षांच्या बाईने दुसरीला आंटी म्हणावं हे तुम्हाला विचित्र वाटेल, पण इथे तीच रीत आहे. लिफ्ट वर जायला लागली की त्या प्रत्येक मजल्याचा आकडा चिनीत म्हणायच्या आणि मी त्यांच्यामागून म्हणायचे. आठवा मजला आला की मी उतरायचे. त्यामुळे माझं चिनी तिथेच थांबलेलं. "नऊ, दहा, अकरा शिकायचं तर वर ये," असं त्या दर वेळी म्हणायच्या, आणि मी दर वेळी 'पुढच्या वेळी नक्की' म्हणून कुकर लावायला पळायचे.

या गोह आंटी नोकरीला कुठे? मी अर्ज केला त्याच युनिव्हर्सिटीत. प्रवेशाच्या ऑफिसात.

अर्ज भरल्यावर मी ही बातमी त्यांना लिफ्टमध्ये मोठ्या आनंदाने सांगितली. त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या, "गुड, गुड" म्हणाल्या आणि गप्प झाल्या. दुसऱ्या दिवशी नुसती मान हलवली. आकडेसुद्धा म्हणाल्या नाहीत. आम्ही दोघी पहिल्यापासून आठव्यापर्यंत लिफ्टचं दार बघत उभ्या.

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी आपला माणूस काय समजतो? ज्या बाईच्या टेबलावर आपली फाईल आहे, ती ओळख असून ओळख दाखवत नाही. म्हणजे तिची काहीतरी अपेक्षा असणार! मी तर तेच समजले. आज हे सांगताना जीभ चावावीशी वाटते.

त्यात माझे कागद म्हणजे एक प्रकरण होतं. पदवी माहेरच्या नावावर, पासपोर्ट सासरच्या नावावर, आणि ही दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे सांगणारं लग्नाचं सर्टिफिकेट मराठीत. परदेशी विद्यार्थ्यांसाठी जागा मोजक्या. बुधवारी मूळ कागद घेऊन समक्ष या, शुक्रवारी यादी लागेल, अशी ईमेल आली आणि माझी झोप उडाली.

आईला पुण्याला फोन केला. ती म्हणाली, "देवाकडे जातानासुद्धा नारळ नेतो आपण. माणसाकडे रिकाम्या हाताने कशी जाशील?" मिलिंद म्हणाला, "इथे असलं काही चालत नाही. कागद ने, दाखव, परत ये." आता नवरा आणि आई यांच्यात कुणाचं ऐकायचं, हा काही प्रश्न आहे का?

मी पेढे केले. इथे खवा मनासारखा मिळत नाही, म्हणून दूध पावडर आणि कंडेन्स्ड मिल्कचे. पण केशर पुण्याचं. मंगळवारी संध्याकाळी डबा घेऊन अकराव्या मजल्यावर गेले, तर दाराला कुलूप. तिथेच शहाणपणा करून परत यायचं आणि ते पेढे घरी खायचे. पण नाही. मी डबा दुसऱ्या दिवशी ऑफिसात न्यायचं ठरवलं. आणि डबा कुणाचा हे त्यांना कळायला हवं, म्हणून झाकणावर चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठीवर माझं नाव आणि त्याखाली, सुवाच्य अक्षरात, अर्ज क्रमांक.

हो. पेढ्याच्या डब्यावर अर्ज क्रमांक.

बुधवारी काउंटरवर चष्मा लावलेली एक तरुण मुलगी होती. तिने माझे कागद पाहिले, मराठी सर्टिफिकेटचं भाषांतर पाहिलं, सगळं ठीक आहे म्हणाली. दोन मिनिटांत काम झालं! मी तिथून निघायला हवं होतं की नाही? मी पिशवीतून डबा काढला आणि म्हणाले, हे मिसेस गोहसाठी, माझ्या अ‍ॅडमिशनचे. इंग्रजीत ते असं काही ऐकू आलं की तिचा हात की-बोर्डवर तसाच थांबला. तिने डबा बघितला, मग झाकणावरचा आकडा, मग स्क्रीनवरचा आकडा. दोन्ही एकच.

ती फार शांतपणे म्हणाली की अर्जदाराकडून काही आलं तर त्याची नोंद करावी लागते, आणि ज्याच्यासाठी आलं त्याला त्या फाईलवरून बाजूला व्हावं लागतं. ही लाच नाही हे कसं पटवायचं? आपल्याकडचा उपाय मला माहीत होता. एकाला दिलं तर लाच, सगळ्यांना दिला तर प्रसाद!

मी डबा उघडला आणि ऑफिसात पेढे वाटायला सुरुवात केली.

बिचारी भली माणसं हो. पलीकडच्या टेबलावरच्या बाईने घेतला. फाईल घेऊन चाललेल्या एका गृहस्थाने घेतला. कसला गलका आहे म्हणून आतून बघायला आलेल्या दोघांनी घेतला. 'खा, खा, घरचे आहेत,' असं म्हणत मी काउंटरवरच्या त्या मुलीलाही इतका आग्रह केला की तिने कंटाळून अर्धा तोंडात टाकला. मग ती मघाचीच गोष्ट पुन्हा म्हणाली, या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल अशी. सगळ्यांचं चावणं थांबलं.

पाच जणांनी नोंदीचे पाच फॉर्म भरले. सहावा गोह आंटींचा. त्या आतल्या खोलीतून आल्या तेव्हा मी उघडा डबा धरून उभी होते. त्यांनी चिठ्ठीवरचा क्रमांक वाचला. त्यांच्या इंग्रजीचं मी मराठी करून सांगते, मधला 'लाह' तेवढा इथला, आपल्या 'गं'सारखा. त्या अगदी हळू म्हणाल्या, "तुझं नाव मी गेल्या शुक्रवारीच यादीत घातलं होतं, लाह. फाईल माझ्याकडे होती म्हणून तर लिफ्टमध्ये बोलत नव्हते. कुणी म्हणायला नको, शेजारीण म्हणून घेतली."

मी म्हणाले, "सॉरी, आंटी." त्यांनी डबा नोंदीसाठी ठेवून घेतला आणि फॉर्म भरायला बसल्या.

परिणाम असा झाला की परदेशी विद्यार्थ्यांच्या फाईली बघणाऱ्या त्या सहाही जणांना माझी फाईल बघता येईना. ती दुसऱ्या विभागात गेली, तिथे चौकशी झाली, लाच नसून मूर्खपणा आहे असा निष्कर्ष निघाला. पण तोवर शुक्रवार होऊन गेला होता. माझी जागा पुढच्या माणसाला मिळाली. मला सांगण्यात आलं, पुढच्या सत्रात पुन्हा अर्ज करा.

पण माझी खरी चूक ही नाही. ती पुढे आहे.

दोन दिवसांनी आमच्या दाराच्या ग्रिलला एक पिशवी अडकवलेली दिसली. आत माझा डबा आणि ऑफिसचं पत्र, वस्तू परत केल्याचं. डब्यात पेढ्यांवर एक घडी घातलेला कागद. हाताने लिहिलेला, सगळा चिनीत. मी समजले, आंटींनी झाडलंय. साहजिक आहे, माझ्यापायी त्यांना ऑफिसात मान खाली घालावी लागली. आता तुम्ही म्हणाल, मोबाईल समोर धरायचा, चार सेकंदांत भाषांतर मिळतं. मिळतं हो. पण ते वाचायला धीर लागतो, आणि तो मोबाईलमध्ये येत नाही. मी तो कागद फाईलमध्ये पार मागे घालून टाकला.

आणि त्या दिवसापासून आंटींना टाळायला लागले. त्या लिफ्टपाशी दिसल्या की मी जिन्याने जायचे. एकदा पाच किलो तांदूळ घेऊन आठ मजले चढले. एकदा त्यांनी इमारतीखालच्या बाकांवरून हात केला, तर मी घाईघाईने मोबाईल कानाला लावून बोलण्याचं नाटक केलं. आणि कानाला असतानाच तो वाजला. त्यांनी हात खाली घेतला. तो हात मला अजून दिसतो.

पुढच्या सत्रात मला प्रवेश मिळाला. पेढ्यांशिवाय. कार्ड गळ्यात आलं, विशीतल्या पोरांबरोबर पहिल्या बाकावर बसून अक्षरं गिरवायला लागले. नऊ, दहा, अकरा तर पहिल्याच आठवड्यात झाले. तिसऱ्या महिन्यात मार्कलिस्टची प्रत हवी म्हणून ती फाईल उघडली आणि कागद खाली पडला. उचलला, तर त्यातलं 'खाणे' ओळखीचं निघालं. मग 'आधी'. मग 'वर'. पहिलीतल्या मुलासारखं बोट ठेवून, अडलं तिथे पुस्तक उघडून, तासाभरात मी तो कागद वाचून काढला. मोठी, सुटी, सोपी अक्षरं काढली होती. माझ्यासाठीच.

लिहिलं होतं, "फॉर्म भरून झाला होता, म्हणून मी एक खाल्ला. फार छान आहे. काळजी करू नकोस. आधी प्रवेश, मग पेढे. कार्ड मिळालं की वर ये. नऊ, दहा, अकरा शिकू."

आधी निकाल, मग पेढे. अहो, ही आपली रीत! पुण्यात जन्म गेला माझा, आणि ती मला चिनीतून वाचून कळली. मी स्वयंपाकघरात बसून रडले. आठ महिने जी बाई माझी वाट बघत होती, तिच्यापासून मी जिन्याने पळत होते.

त्याच दिवशी पेढे केले. कार्ड गळ्यात घातलं. लिफ्टमध्ये आठवा मजला गेला, आणि मी मोठ्याने नऊ, दहा, अकरा म्हटलं. चिनीत एक अख्खं वाक्य जुळवून ठेवलं होतं, 'मिसेस गोह घरी आहेत का, मला उशीर झाला, माफ करा.' बेल वाजवली. दार उघडलं आणि मी श्वास न घेता सगळं वाक्य म्हणून टाकलं.

समोर लुंगी नेसलेले एक तमिळ गृहस्थ उभे होते.

"सॉरी मॅडम," ते म्हणाले, "नो चायनीज."

गोह आंटी रिटायर झाल्या होत्या आणि महिन्यापूर्वी मुलाकडे ऑस्ट्रेलियाला कायमच्या गेल्या होत्या. पत्ता, नंबर या गृहस्थांकडे काही नव्हता. त्यांचं लक्ष माझ्या हातातल्या डब्याकडे गेलं. त्यांनी अदबीने विचारलं, हे कशाचे?

मी डबा उघडून पुढे केला. "उशीर झाल्याचे," म्हटलं.

त्यांना वाटलं, असेल महाराष्ट्रातला एखादा सण. त्यांनी दोन घेतले आणि मला शुभेच्छा दिल्या.